उजवी बाजू समोरच्याची

जानेफळच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवक म्हणून रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. कोणती किल्ली कोणत्या कपाटाची हेही अजून कळायचं होतं, तेवढ्यात टेबलावर एक कागद येऊन पडला. फुलस्केप कागद, मधोमध उभी घडी घातलेला. डाव्या अर्ध्यात सुवाच्य अक्षरात मजकूर आणि उजवा अर्धा कोरा. 'सौरदिवे किती आले? किती खांबांवर चढले? उरलेले कुठे आहेत? ते कोणी पाहिले?' खाली सही : प्र. सुरडकर, सेवानिवृत्त.

"हे काय प्रकरण आहे?" मी शिपायाला विचारलं.

"सुरडकर साहेबाचा कागद हाय. उजव्या बाजूले उत्तर लेहा लागते. नाही लेहलं त दुसरा येते."

"आणि दुसऱ्यालाही नाही लिहिलं तर?"

"मंग साहेब येते."

मी नवीन होतो आणि जरा मस्तीतही होतो. दुसरा कागदही आला, दोन्ही मी फायलीत कोंबून दिले. तिसऱ्या आठवड्यात साहेब आले. उंच, किडकिडीत माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात हिरवी पेन्सिल. ऑडिटवाल्याची पेन्सिल हिरवीच असते, तपासलेल्या ओळीपुढे हिरवी खूण करायची म्हणून. साहेबांनी दिल्लीत तीस वर्षं संरक्षण खात्याचं ऑडिट केलं होतं. शेवटची काही वर्षं तर लष्कराच्या उपग्रहांवर जो पैसा खर्च होतो तो तपासण्यात गेली होती. एवढं सगळं करून बोली मात्र इथलीच राहिली होती. तिच्यावर दिल्लीचं पाणी चढलं नव्हतं.

"लोखंडे तुमीच काय? स्टॉक रजिस्टर पाहू द्या."

मी रजिस्टर पुढं केलं. अकरा दिवे शिल्लक, मागच्या खोलीत पेट्यांमध्ये. पुढं माझी सही.

"पेटी उघडून पाह्यली काय?"

"सीलबंद आहेत साहेब."

त्या 'सीलबंद' शब्दानं त्यांना काय झालं ते मला तेव्हा समजलं नाही. त्यांनी रजिस्टर मिटलं. मग उठले आणि थेट मागच्या खोलीत गेले. शिपायानं समोरची पेटी उचलली तसा त्यांनी हात आडवा केला. "समोरची नोका घेऊ. मांगच्या रांगेतली काढा."

मागच्या रांगेतल्या चार पेट्यांत दिवे होते पण बॅटऱ्या नव्हत्या. बॅटरीच्या जागी थर्माकोल होतं. ठेकेदारानं पुढच्याच आठवड्यात, चूक झाली म्हणत, बॅटऱ्या आणून टाकल्या. पण त्या दिवशी शिपायासमोर आणि पाणी भरायला आलेल्या दोन बायांसमोर साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "सही कोनाची हाय?" मला इतका राग आला होता की हा म्हातारा लवकर आटपला तर बरं, असं मनात येऊन गेलं. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पुढं कळलं की हे सुख गावात सगळ्यांच्याच वाट्याला येतं. किराणा दुकानात साहेब बिस्किटाचा पुडा मागायचे तोही मागच्या रांगेतला. दुकानदार आधी वैतागला, मग मागची रांगही ताज्या मालानं भरायला लागला. पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं ते तळातून फोडायला लावायचे. गावात त्यांना पाठीमागे 'मांगचीरांग' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांची काही हरकतही नव्हती.

घरातही तोच खाक्या. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, यांनी एकदा मला एक कागद दाखवला. डावीकडं साहेबांच्या अक्षरात : 'भाजीत दोन दिवसांपासून मीठ कमी. कारण?' उजवीकडं काकूंच्या अक्षरात : 'तुमचं बीपी.' त्याच्यापुढं हिरवी खूण.

"माह्याशी लगन कराच्या आधी एवढं तपासलं असतं त दोघंही सुखी राह्यलो असतो," काकू म्हणाल्या. साहेब गालात हसले. त्यांना हसताना मी मोजून तीन-चारदा पाहिलं असेल, त्यातलं हे एक.

दुसऱ्या कोणाला लिहिलेल्या त्यांच्या कागदाच्या कोऱ्या अर्ध्यावर मी कधी घाईत त्यांच्यासाठीच काही टिपून द्यायला गेलो तर ते हात धरायचे. "उजवी बाजू समोरच्याची. तिच्यावर आपन लेहाचं नाही. ती कोरी राह्यली तरी चालते, पन आपन भराची नाही." आमचं हळूहळू जमलं. जमलं म्हणजे मी पेट्या उघडायला लागलो आणि ते माझ्याकडं चहा प्यायला लागले.

उपग्रहांबद्दल मात्र ते बोलत नसत. पारावरची मंडळी खोदून विचारायची. "साहेब, तेवढ्या वरतून आपलं वावर दिसते काय हो?" साहेब म्हणायचे, "दिसते. मोटर चालू ठेवून तू झोपला तेबी दिसते." हशा व्हायचा आणि विषय तिथंच संपायचा. एकदाच, आम्ही दोघंच असताना, ते म्हणाले, "लष्कराचा पैसा दुश्मनापासून लपवा लागते, हे मले मान्य हाय. पन लपवता लपवता तो तपासनाऱ्यापासूनबी लपते. 'गोपनीय' असा शिक्का मारला का भल्याभल्याचा हात थांबते." मग कपात उरलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

एका सव्वीस जानेवारीला हेडमास्तरांनी त्यांना शाळेत बोलावलं. विषय : उपग्रह आणि देशाची सुरक्षा. फळ्यावर पोरांनी धूर सोडणारं रॉकेट काढलं होतं. साहेब उभे राहिले.

"लेकरायहो, उपग्रह वर जाते तवा टीव्हीवर दाखवतात, लोक टाळ्या वाजवतात. वाजवा. पन तो एकटा वर काही कामाचा नाही. खाली डोंगरात शिपाई बसेल असते, त्याच्याजवळ एक संच असते, या डस्टरच्या डब्यायेवढा. शिपाई त्या संचात बोलते, उपग्रह ते ऐकते आन् खाली त्याच्या साहेबायपाशी पोचवते. संच रिकामा असंल त उपग्रह वर फिरत राह्यते आन् शिपाई खाली बोंबलत राह्यते. वर गेलेला पैसा साऱ्या देशाले दिसते. खालचा डबा कोनी पाहात नाही." टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. "ते पाहाचं काम माह्याकडं होतं," असं म्हणाले आणि बसले.

हेडमास्तरांनी घाईघाईनं टाळ्या सुरू केल्या. पोरांना रॉकेट किती उंच जातं ते ऐकायचं होतं, त्यांचा हिरमोड झाला. मलाही वाटलं, म्हाताऱ्याला भाषण जमलं नाही.

साहेबांची अजून एक सवय गावात थट्टेचा विषय होती. दर महिन्याला ते एक गादी घेऊन उंद्रीला जायचे. एसटीच्या टपावर गादी चढवायची, मध्ये गाडी बदलायची, पुन्हा चढवायची. उंद्रीत हबीबचाचा नावाचे पिंजारी होते, त्यांच्याकडून कापूस पिंजून आणायचा. जानेफळात पिंजारी नव्हता असं नाही. आणि दोघांच्या घरात गाद्या असून असून किती असणार?

"चार हायत," काकू म्हणाल्या. "चारीच्या चारी पाळीपाळीनं फिरून येतात. गाद्यायले काही झालेलं नाही भाऊ. झालं ते ह्यायले झालं."

एका चैत्रात एसटीचा संप होता. साहेब गादी घेऊन स्टँडवर बसलेले दिसले. मी मोटारसायकल काढली. गादीची वळकटी आडवी बांधली, तिला टेकून साहेब बसले आणि अशी आमची वरात निघाली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं काही ना काही टोमणा मारला, त्यांना उत्तरं देत देत आम्ही उंद्रीला पोचलो.

हबीबचाचा साठीचे. भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू. साहेबांना बघून त्यांनी पिंजायचं मशीन बंद केलं. गादीची शिवण उसवली, मूठभर कापूस बाहेर ओढला आणि बोटांत चोळला.

"साहेब, हा मीच भरेल हाय, मागच्या दिवाळीत. सोन्यासारका हाय. काऊन घेऊन येता तुमी?"

"पाहून त घ्या," साहेब म्हणाले.

"पाह्यला. कवर पाहून बोलनारा मानूस नाही मी. आत हात घातल्याबिगर सांगत नाही."

साहेबांची मान खाली गेली. मी पाणी प्यायला आतल्या खोलीत गेलो तर तिथं कपाटाच्या बाजूला, दारातून दिसणार नाही अशा जागी, वर्दीतल्या तरुणाचा फोटो होता. बाहेर येऊन मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारून बसलो.

"नासिर. एकुलता." चाचा हातातला कापूस चोळतच राहिले. "फौजेत वायरलेसवर होता. बर्फातली चौकी. तिघं जन आन् हा. बर्फ पडत राह्यला, रस्ता तुटला. तीन दिवस ते जिते होते म्हनतात. आवाज गेला असता त हेलिकॉप्टर आलं असतं. आवाज देनं नासिरचं काम होतं. त्यानं देला नाही."

"असं कोण म्हणालं?"

"कागदात त हवामान लेहेल हाय. पन त्याचा एक दोस्त येऊन गेला, त्याच्या तोंडून निंगालं. मंग गावात झालं. रेडिओवाला चुकला म्हनतात. त्या तिघायलेबी माय-बाप असतीन का नाही? फोटो दुकानात कोन्या तोंडानं लावू, सांगा."

चाचांनी शिवण घातली, सुतळी बांधली आणि मजुरीचे पैसे नाकारले. आम्ही निघालो.

गावाबाहेर आल्यावर साहेबांनी गाडी थांबवायला लावली. ते मैलाच्या दगडावर बसले. मी उभाच होतो.

"अठरा पेट्या होत्या," ते म्हणाले. "उत्तरेत एका लष्करी डेपोत. उपग्रहावरून बोलाचे संच. ठेकेदारानं माल देला का नाही ते मले पाहाचं होतं. आमची रीत असते, समदं उघडत नाही, नमुना पाह्यते. मी समोरच्या तीन उघडल्या. तिन्ही भरेल होत्या. चौथीले हात लावला त तिथला मानूस म्हने, साहेब, सीलबंद हायत, गोपनीय माल हाय, बाकीच्याचं मी सर्टिफिकेट लेहून देतो. मी घेतलं. पंधरा पेट्यायपुढं हिरवी खून केली."

"का?"

"चार वाजताची गाडी होती. दुसरं काही कारन नाही, लोखंडे. लोकायले वाटते अशा ठिकानी पैसा फिरत असंल, दबाव असंल. माह्यावर कोनाचा दबाव नोता. गाडी होती."

काही वर्षांनी एक फाईल त्यांच्यापुढं आली. बर्फातल्या एका चौकीचा निरोप आला नाही, चार जवान गेले, त्याची आतली चौकशी. चौकीवर गेलेल्या पेटीचा नंबर नऊ. तिच्यात संच होता, अँटेना आणि बॅटरी नव्हती. ठेकेदार ती 'दुसऱ्या खेपेत' देणार होता आणि पूर्ण मालाचे पैसे त्यानं साहेबांच्या हिरव्या खुणेवर उचलले होते. जवानांच्या पत्त्यांत उंद्री, जिल्हा बुलढाणा, असं लिहिलेलं होतं. साहेबांनी मोठा आक्षेप लिहिला, स्वतःच्या नावासकट. उत्तर आलं : विषय गोपनीय आहे. वरिष्ठांनी आक्षेप निकाली काढला. फाईल बंद झाली.

"म्हणजे नासिरची चूक नव्हती," मी म्हणालो.

"नोती."

"आणि तुम्ही त्याच्या बापाला सांगितलं नाही. इतकी वर्षं नुसत्या गाद्या नेता?"

"गोपनीयतेची शपथ घेतेल हाय. पेन्शन हाय." मग त्यांनीच मान हलवली. "हे समदं वरवर सांगाचं झालं. भेव हाय. तो मले खुर्ची देते, चहा देते. ते बंद होईन याचं भेव हाय."

मी तडकलो. अकरा दिव्यांसाठी तुम्ही माझी अब्रू काढलीत, सही कोणाची म्हणून चार लोकांत विचारलंत, आणि हे? असं बरंच बोललो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि होकाराचं नुसतं "हाव" म्हणाले.

त्यानंतर त्यांनी दिल्लीला कागद पाठवायला सुरुवात केली. मृत जवानाच्या कुटुंबाला खरं कारण कळवायची परवानगी द्यावी, एवढीच मागणी. प्रत्येक कागद उभ्या घडीचा. एकाला छापील उत्तर आलं की सदर माहिती देता येत नाही. बाकीच्यांना उत्तरच आलं नाही. साहेब प्रती सांभाळून ठेवायचे, सगळ्यांची उजवी बाजू कोरी. काकू एकदा चिडून म्हणाल्या, "समोरच्याची बाजू म्हनता, पन समोर कोनी हायच नाही त लेहीन कोन?" साहेबांनी हातातली प्रत घडी करून बाकीच्या प्रतींवर ठेवली.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावाला जायचं, परत यायचं. मुळात किडकिडीत माणूस, अंगावर शर्ट लोंबायला लागला. हिवाळ्यात एका सकाळी ते ऑफिसच्या दारात उभे राहिले.

"गाडी काढता काय? आज गादी नाही."

उंद्रीत चाचांनी खुर्ची दिली, पण साहेब बसले नाहीत. खिशातून कागद काढला आणि उभ्यानंच वाचला. एकही शब्द गाळला नाही. 'मी प्रल्हाद सुरडकर. अठरा पेट्या तपासण्याचे काम माझ्याकडे होते. मी तीन उघडल्या. नववी उघडली नाही. ती तुमच्या मुलाच्या चौकीवर गेली. तिच्यात अँटेना व बॅटरी नव्हती. नासिरने आवाज दिला नाही असे नसून आवाज जाण्याची सोयच नव्हती. चूक त्याची नाही. सही माझी आहे.'

चाचांनी मशीन बंद केलं. "फिरून वाचा."

साहेबांनी पुन्हा वाचलं.

"ते शेवटचं. चूक कोनाची नाही ते."

"चूक त्याची नाही," साहेबांनी वाचलं. आतल्या दारात चाची येऊन उभ्या होत्या. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

चाचा आत गेले. खिळा ठोकल्याचा आवाज आला नाही, कारण खिळा दुकानात आधीपासून होता, मशीनच्या वर, रिकामा. तो मी पूर्वी पाहिला होता आणि त्याचा कधी विचार केला नव्हता. चाचांनी फोटो आणून त्यावर लावला, रस्त्यावरून दिसेल असा. मग साहेबांकडं न बघता म्हणाले, "साहेब, आता गादी नोका आनू."

"हाव," साहेब म्हणाले. त्यांनी कागद आणि हिरवी पेन्सिल पुढं केली. "उजवी बाजू तुमची हाय."

मला वाटलं चाचा कागद फाडून टाकतील. त्यांनी तो मशीनच्या फळीवर ठेवला आणि उर्दूत लिहायला लागले. उजव्या कडेपासून सुरू करून मधल्या घडीपर्यंत, ओळीमागून ओळ. कागद भरला तसा घडी घालून परत दिला. निरोप कोणी कोणाचा घेतला नाही.

महिन्याभरातच साहेब गेले. तेराव्यानंतर काकूंनी तो कागद माझ्या हातात दिला. "शर्टाच्या खिशात ठेवत होते. कोनाकून वाचून नाही घेतला." मी मेहकरला एका उर्दू शाळेच्या गुरुजींकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला, एकदा मनात वाचलं आणि मग मला मराठीत सांगितलं.

'बर्फ पडायच्या महिनाभर आधी नासिरचा फोन आला होता. म्हणाला, अब्बा, नवीन पेटी आली आहे पण आत अर्धं सामान नाही. मी त्याला रागावलो. म्हटलं, औजाराला नावं ठेवू नकोस, काम शीक. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. साहेब, तुम्ही पेटी उघडली नाही. त्यानं उघडून मला सांगितलं आणि मी ऐकलं नाही. तुम्हाला माफ करायचा हक्क माझ्याकडे नाही. पुन्हा या, पण गादी न घेता या.'

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मी कागद घेऊन बाहेर आलो आणि शाळेच्या पायरीवर बसून रडलो. मला कोणी बघत असेल तर बघो, असं झालं होतं.

कागद मिळाला त्या दिवशी, उंद्रीहून परत येताना, साहेबांनी त्याच मैलाच्या दगडापाशी गाडी थांबवली होती. खिशातून कागद काढून त्यांनी उलगडला. इतक्या वर्षांत उजवी बाजू अशी कडेपासून घडीपर्यंत भरलेला त्यांचा कागद मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते त्या उर्दू ओळींवरून बोट फिरवत होते. मी म्हणालो, "साहेब, उंद्रीतच कोणाकडून तरी वाचून घेऊ. पाच मिनिटांचं काम आहे."

"राहू द्या लोखंडे. उत्तर आलं, झालं." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि वरून तळहात दाबून धरला.

उघडून आत पाहिल्याशिवाय सही करू नये, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या वेळी मी हट्ट धरायला हवा होता. पण ऊन चढत होतं, दुपारी दोनला माझी पंचायत समितीत मीटिंग होती. मी गाडी सुरू केली.